ऐंशीला गाडी थरथरते. इंजिन उघडायचं का?

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी पिंपळगाव बसवंतला राहतो आणि अंबड एमआयडीसीत कामाला आहे. जाऊन-येऊन रोज ऐंशी किलोमीटर होतात. गाडी १५० सीसीची, अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर, सहा वर्षांची, ५२ हजार किलोमीटर झालेली. दिवाळीनंतर तिला एक खोड लागलीय. साठपर्यंत लोण्यासारखी चालते. सत्तर ओलांडली की हँडल थरथरायला लागतं आणि ऐंशीला सगळ्यात जास्त. ओझरच्या पुढे रस्ता मोकळा असला तरी मी पासष्टवरच चालवतो. एका गॅरेजला कोनसेट (हँडलच्या मुळाशी असतं ते बेअरिंग) बदलला, दुसऱ्याने चेन-स्प्रॉकेटचं किट टाकलं. दोन्ही मिळून चार हजारांच्या वर गेले, फरक काडीचा नाही. आता तिसरा म्हणतो, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे पिस्टनपर्यंत उघडावं लागेल, दहा हजार धरून चला. मुलीची फी भरायचीय. इंजिन उघडू का?

उत्तर : थांबा. इंजिनला पाना लावू देऊ नका. तुमच्या पत्रातली एक ओळ फार मोलाची आहे : सत्तरला सुरू होतं, ऐंशीला सगळ्यात जास्त. तुम्ही आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) लिहिला नाहीत, वेग लिहिलात. इंजिनचं दुखणं असेल तर ते इंजिनच्या फेऱ्यांबरोबर येतं, म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये पन्नास-पंचावन्नलाच डोकं वर काढायला हवं. चाकाचं दुखणं रस्त्यावरच्या वेगाबरोबर येतं, मग गिअर कुठलाही असो. हा फरक आधी न पाहता जे काही बदललं जातं ते सगळं अंदाजपंचे, आणि त्या अंदाजाचे पैसे गिऱ्हाईक भरतं. मला याची चीड येते, म्हणून आज या एकाच पत्राला जास्त जागा देतोय.

थोडा हिशेब करू. तुमच्या मापाचं सतरा इंची चाक एका फेरीत जेमतेम दोन मीटरला थोडं कमी अंतर कापतं. ऐंशीच्या वेगाला ते सेकंदाला साडेअकरा फेरे घेतं. त्याच वेळी टॉप गिअरमध्ये इंजिन साडेपाच हजारांच्या आसपास असेल, म्हणजे सेकंदाला नव्वदच्या वर फेरे. सेकंदाला अकरा-बारा वेळा बसणारा धक्का ठळक असतो, हँडल हलताना डोळ्यांना दिसतं. नव्वद वेळा बसणारा धक्का वेगळा कळतच नाही, त्याने तळहाताला झिणझिण्या येतात आणि आरशातला मागचा ट्रक पुसट होतो. म्हणून थरथरीची तक्रार घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला : हलतं की झिणझिणतं? तुम्ही फोनवर म्हणालात, "हलतं, पार खांद्यापर्यंत जाणवतं."

मग मी तुम्हाला जी चाचणी सांगितली ती इतर वाचकांसाठी इथे देतो. रविवारी सकाळी लवकर, कोरड्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, दोन्ही हात हँडलवर ठेवून गाडी थरथरीच्या वेगाच्या थोडी वर न्यायची. क्लच पूर्ण दाबायचा आणि ॲक्सिलरेटर सोडायचा. इंजिन आयडलवर येतं, गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहते. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. टायर, रिम, बेअरिंग, कोनसेट, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश यांच्यात शोधायचं. क्लच दाबताक्षणी गेली तर इंजिन, त्याचे फाउंडेशन बोल्ट (इंजिन चॅसीला धरून ठेवणारे) किंवा चेन. चेनचं नाव दुसऱ्या यादीत का? क्लच दाबला तरी चेन फिरतच असते, पण तिच्यावरचा ओढा जातो. झिजलेलं स्प्रॉकेट किंवा मागच्या हबमधले पिचलेले रबर ओढा असतानाच बोलतात. क्लच परत सोडताना घाई करू नका. आधी ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम वर आणा, मग हळूहळू सोडा, नाहीतर मागचं चाक हिसका खातं. आणि कृपा करून हे नाशिकच्या द्वारका भागातल्या गर्दीत किंवा एखाद्या कंटेनरच्या पुढ्यात करू नका.

तुमचा निरोप आला : "क्लच दाबला तरी तसंच, उलट इंजिनचा आवाज गेल्यामुळे जास्त स्पष्ट कळलं." दहा हजार तिथेच वाचले.

दुसरा प्रश्न मी विचारला तो असा : थरथर सुरू होण्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत गाडीला काय झालं? तुम्ही म्हणालात, काही नाही. मी पुन्हा विचारलं, पंक्चर, पडणं, खड्डा, सर्व्हिसिंग, काहीही? तेव्हा तुम्हाला आठवलं. दिवाळीत पुढचा टायर घासला होता, नवा टाकला. नवीन वस्तू म्हणून तिच्यावर तीन गॅरेजांत कोणाचाच संशय गेला नाही. जुन्या गाडीत आपण नेहमी जुना भाग धुंडाळतो. माझा अनुभव उलटा आहे. दुखणं अचानक सुरू झालं असेल तर आधी जिथे शेवटचा हात लागला तिथे बघावं.

पुढच्या रविवारी तुम्ही म्हसरूळला माझ्या गॅरेजात गाडी घेऊन आलात. इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक मोकळं केलं, फोर्कला एक स्क्रू-ड्रायव्हर असा बांधला की त्याचं टोक रिमच्या कडेपासून केसभर लांब राहील, आणि चाक हाताने फिरवलं. रिम सरळ. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात रिमच्या आउटची, म्हणजे वाकडेपणाची, मर्यादा दोन मिलिमीटर असते, तुमची अर्ध्या मिलिमीटरच्या आत होती. मग तेच टोक टायरवर आणलं. टायर एका जागी खाली जाऊन पुन्हा वर येत होता, चांगला चार मिलिमीटर. म्हणजे तुमचं चाक गोल नव्हतंच. दर फेरीला ते एकदा उडी मारत होतं, सेकंदाला साडेअकरा वेळा.

कारण टायरच्या कुशीवर लिहिलेलं होतं. प्रत्येक टायरवर रिमच्या कडेलगत एक बारीक उठावदार रेघ गोल फिरलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. तुमच्या टायरवर व्हॉल्व्हजवळ वीतभर जागेत ती रिमच्या आत बुडालेली होती. टायर कोरडाच चढवला होता, बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी टायरची कडा, तेवढ्या भागात आपल्या खाचेत बसलीच नव्हती. हवा टिकत होती म्हणून कोणाला कळलं नाही. घरी जाऊन तुमच्या गाडीची ही रेघ बघा, हे मी सगळ्याच वाचकांना सांगतो. त्याला ना पाना लागतो ना पैसा, चहा गाळण्याइतका वेळ लागतो.

हवा पूर्ण सोडली, बीड दोन्ही बाजूंनी सुटी केली, कडेला साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हची पिन काढून जोरात हवा दिली. एक टप्प, थोड्या वेळाने दुसरा टप्प, आणि रेघ वर आली. इथे एक काळजी. टायरवर जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, त्याच्या वर जाऊन बीड बसवायचा हट्ट धरू नका. बसत नसेल तर पुन्हा साबण लावा. आणि हवा भरताना रिमच्या कडेवर बोटं ठेवू नका. मग पिन लावून पुढे २५ पीएसआय. तुमच्या पुस्तकात हाच आकडा आहे, आणि तो गार टायरचा आहे. अंबडहून पिंपळगावला पोहोचल्यावर तापलेल्या टायरचा दाब मोजलात तर तो जास्तच दिसणार, म्हणून हवा कमी करू नका.

राहिलं बॅलन्सिंग. हे काम मी गॅरेजात शिकलो नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातू घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर, होतो. तिथे नवा ग्राइंडिंग व्हील आला की तो मँड्रेलवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, चढवून दोन समांतर दांड्यांवर ठेवायचा. जड बाजू आपोआप खाली येते. फ्लँजमधली वजनं सरकवत राहायची, जोवर व्हील कुठेही थांबवला तरी तिथेच उभा राहत नाही तोवर. असं न करता लावलेला व्हील जॉबवर, म्हणजे घासायच्या तुकड्यावर, लाटा उमटवतो. आमचे फोरमन त्या लाटांवर नख फिरवून सांगायचे की बॅलन्सिंगमध्ये कोणी कंटाळा केलाय. मोटारसायकलच्या चाकाला मी तेच करतो. चाकात ॲक्सल घालून ॲक्सल दोन स्टँडवर, ब्रेक मोकळा, बेअरिंग सैल फिरणारी. जड बाजू खाली आली की तिच्या बरोबर समोर पाच-पाच ग्रॅमची चिकटपट्टीची वजनं. तुमच्या चाकाला पंधरा ग्रॅम लागले. टायरवर पिवळा ठिपका असतो, ती त्याची हलकी बाजू. तो व्हॉल्व्हजवळ आणून टायर चढवला की वजनं कमी लागतात. तुमचा ठिपका व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला होता, मी तो फिरवून घेतला.

पंधरा-वीस ग्रॅमने काय होतं, असं तुम्ही विचारलंत. रिमच्या कडेला वीस ग्रॅम जास्त असतील तर चाळीसच्या वेगाला ते साधारण अर्ध्या किलोच्या वर जोराने चाक बाहेर ओढतात. ऐंशीला वेग दुप्पट होतो, पण ओढ चौपट होते, सव्वादोन किलोच्या आसपास. दर फेरीला एकदा वर, एकदा खाली. म्हणूनच साठपर्यंत लोणी आणि सत्तरच्या पुढे थरथर. ऐंशीच्या वर काही गाड्यांत ती पुन्हा कमी होते, कारण फोर्क आणि हँडलची स्वतःची एक लय असते, चाकाची लय तिच्याशी जुळते तेव्हाच ती सगळ्यात जास्त जाणवते. थरथर कमी झाली म्हणजे दोष गेला असं समजू नका.

तुम्ही त्याच दिवशी पिंपळगावला ऐंशीने गेलात आणि घरी पोहोचून फोन केलात. खर्च साडेतीनशे रुपये.

एक गोष्ट कबूल करतो. गॅरेज सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी मखमलाबादचा एक दूधवाला असंच दुखणं घेऊन आला होता. मी मागचं बेअरिंग बदललं, चेन बदलली, हबचे रबर बदलले. चाक मात्र एकदाही मोकळं फिरवून पाहिलं नाही. खड्ड्यात बसून मागची अलॉय रिम चार मिलिमीटर वाकली होती, डोळ्यांना दिसत होती. त्याचे पैसे परत केले, पण त्याचे तीन दिवस गेले आणि तीन दिवस त्याने सायकलवरून रतीब घातला. तेव्हापासून माझ्याकडे कुठलीही थरथरणारी गाडी आली की पहिली स्टँडवर जाते, हत्यार नंतर.

टायर आणि रिम ठीक निघाली असती तर पुढे काय पाहिलं असतं, तेही सांगतो. मोकळं चाक वर-खाली आणि डावं-उजवं धरून हलवायचं. टक् टक् लागलं तर बेअरिंग. मागे चाकाबरोबर चिमटाही हलत असेल तर चिमट्याचे बुश. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलली आणि हँडलच्या मुळाशी ठोका जाणवला तर कोनसेट सैल. चाक अधांतरी ठेवून हँडल हळू फिरवलं आणि बरोबर मध्यावर ते खाचेत अडकल्यासारखं थांबलं तर कोनसेट खड्डे पडून गेलेला. तुमचा जुना कोनसेट बदलण्याआधी हे दोन्ही दोन मिनिटांत पाहता आलं असतं. मागचं चाक चेनच्या ॲडजस्टरमुळे तिरपं बसलंय का हे चिमट्यावरच्या खुणांवर विसंबून ठरवू नका. गवंडी भिंतीला लावतो तशी दोरी दोन्ही चाकांच्या कडेने ताणून बघा.

आणि एवढं मनापासून सांगतो. बेअरिंगला खेळ असेल, अलॉयला तडा दिसत असेल, ॲक्सलच्या नटची पिन गायब असेल, तर त्या गाडीवर "उद्या बघू" म्हणून घरी जाऊ नका. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग मारून देणारे भेटतात. मी मारत नाही, मारलेली रिम बसवतही नाही. तुमच्या मागे बहुतेक वेळा घरचं कोणीतरी बसलेलं असतं.

प्रश्न : मी देवळाली कॅम्पला शिक्षिका आहे. वर्षापूर्वी जुनी साडेतीनशे सीसीची गाडी घेतली. ऐंशीला हाताला मुंग्या येतात, आरशात काहीच दिसत नाही. सिन्नरपर्यंत जाऊन उतरले की अर्धा तास खडू नीट धरता येत नाही. क्लच दाबला की लगेच थांबतं. चाकं बॅलन्स करून झाली. आधीच्या मालकाने हँडल बदललेलं आहे.

उत्तर : ताई, चाचणी तुम्ही आधीच केलीत, आणि उत्तर इंजिनकडे बोट दाखवतंय. पण त्याचा अर्थ इंजिन बिघडलंय असा नाही. एकच मोठा पिस्टन वर-खाली जातो तेव्हा त्याचा धक्का क्रँकवरचं वजन पूर्ण झेलू शकत नाही. पूर्ण झेललं तर तोच धक्का आडवा होतो, म्हणून बनवणारे मधला मार्ग काढतात. उरलेला धक्का मारण्यासाठी नव्या इंजिनांत उलट फिरणारा बॅलन्सर शाफ्ट असतो. जुन्या पठडीतल्या बऱ्याच साडेतीनशे सीसी इंजिनांत तो नाही. तेवढी थरथर त्या गाडीच्या जन्माबरोबर आली आहे, ती कोणी मेकॅनिक काढून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

त्यात भर पडली असेल ती मात्र काढता येते. मला तुमच्या शेवटच्या वाक्यातच ती सापडली. बऱ्याच गाड्यांत मूळ हँडलच्या टोकांना आत जड लोखंडी वजनं असतात. ती शोभेची नसतात, त्यांच्यामुळे हँडलची लय इंजिनच्या लयीपासून दूर राहते. बाजारातलं हँडल बसवताना ती बहुधा काढून टाकली जातात. मुठींच्या टोकाला बोटाने वाजवून बघा, पोकळ वाजलं तर आधी ती वजनं बसवून घ्या. शक्य असेल तर मूळ हँडलच शोधा. मग इंजिनचे फाउंडेशन बोल्ट, एकूण एक, टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याला आवळायचे. वरचा, हेडजवळचा ब्रॅकेटही त्यात आला, तोच सगळे विसरतात. एखादा बोल्ट आवळूनही सैल होत असेल तर ब्रॅकेटला तडा आहे का बघा. सायलेन्सरचे क्लॅम्प राहू देऊ नका. पुढचं स्प्रॉकेट मूळ दातांचंच आहे ना हेही मोजा. एक दात कमी असेल तर प्रत्येक वेगाला इंजिन जास्त फिरतंय.

एवढं झाल्यावर सिन्नरला पासष्ट-सत्तरने जा. ती गाडी त्या वेगाला सुंदर चालते. मूठ आवळून धरू नका, कोपर थोडं सैल ठेवा. पण मुंग्या उतरल्यावरही राहत असतील तर डॉक्टरांना हात दाखवा, त्यात चालढकल नको.

प्रश्न : माझी गाडी पावसाळाभर गंगापूर रोडच्या पार्किंगमध्ये साइड स्टँडवर उभी होती. आता साठला मागून धडधड येते. टायरमध्ये पंक्चर होऊ नये म्हणून भरतात ते लिक्विड आहे. टायर बदलावा का?

उत्तर : चार महिने एकाच जागी उभं राहिलेलं चाक तळाशी चपटं होतं, आणि हवा कमी असेल तर जास्तच. शिवाय लिक्विड खाली उतरून एका जागी साचतं. आधी पुस्तकाप्रमाणे हवा भरा आणि पन्नासच्या आत वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा. दिंडोरीला जाऊन या. टायर तापला की चपटेपणा बऱ्याचदा निघून जातो आणि पातळ असेल तर लिक्विडही पसरतं. घट्ट होऊन चिकटलं असेल तर टायर उतरवून खरवडून धुवावं लागेल, आणि मग पुन्हा बॅलन्सिंग. टायरच्या कुशीवर चार आकडे शोधा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालाय. तितका जुना आणि कुशीवर बारीक चिरा पडलेला असेल, तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला. बदलताना दुकानदाराला साबणाचं पाणी लावायला सांगा आणि चाक बसवण्याआधी ती रेघ स्वतः फिरवून बघा.